तेजीतील कर्ज आणि मंदीतील फेड

ऋण काढून सण करू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा उपदेश खरा आहे, पण अपुरा आहे. बी-बियाणे, खते, औषधे आणि मजुरी यांसाठी शेतकऱ्याला पीक हाती येण्यापूर्वीच पैसा लागतो. तेव्हा कर्ज मुळीच काढू नये, असे निफाड तालुक्यात तरी कोणी कोणाला सांगू शकणार नाही. खरा प्रश्न असा की, कोणते कर्ज कुटुंबाला तारते आणि कोणते बुडविते?

या प्रश्नाचा सखोल विचार करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथेच झाला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या काळातील एक प्रकरण आजही प्रत्येक घराने अभ्यासावे असे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचा भाव कडाडला. शेतकऱ्याची पत वाढली, सावकाराचाही हात सैल झाला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच काही तालुक्यांत शेतसारा वाढला. तेजीचा भाव गृहीत धरून काढलेले कर्ज मंदीच्या उत्पन्नातून फेडण्याची पाळी आली. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे असंतोषाचा भडका उडाला. त्यानंतर अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले.

इतर मालमत्तेपेक्षा रोख्यांवरच राग का? कारण त्या कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठविणाऱ्याला वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. नुसता रोखा प्रमाण न मानता कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, ऋणकोला पावती व लेखी हिशेब मिळावा, अशा तरतुदी त्यात होत्या. याच कायद्याखाली रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. परंतु केवळ कायदा पुरेसा नाही, शेतकऱ्याला स्वस्त आणि संघटित पतपुरवठा हवा, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. १९०१ साली ते निवर्तले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

कापसाच्या जागी कांदा ठेवला, तर ही कथा आपल्या घरची वाटेल. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव काही महिन्यांत कुठल्या कुठे जातो. द्राक्षबागेचा पैसा हंगामात एकदाच येतो, चूल मात्र रोज पेटवावी लागते. म्हणून पहिला नियम असा : घरखर्चाचा अंदाज चांगल्या वर्षावरून नव्हे, तर मागील तीन वर्षांच्या सरासरीवरून बांधावा. समजा, लागवडीचा खर्च वजा जाता एका वर्षी ४ लाख, दुसऱ्या वर्षी १ लाख आणि तिसऱ्या वर्षी २ लाख २० हजार रुपये उरले. सरासरी २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार येते. ४ लाखांच्या वर्षी सरासरीच्या वर उरलेले १ लाख ६० हजार ही चैनीची रक्कम नव्हे, ती पुढील तुटीची बेगमी होय.

दुसरा नियम : व्याज नेहमी वर्षाचे मोजावे. ‘शेकडा तीन रुपये’ हे शब्द ऐकायला किरकोळ वाटतात, पण महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. असे ५० हजार घेतले आणि न दिलेले व्याज दरवर्षी मुद्दलात मिळविले गेले, तर दोन वर्षांत ९२ हजार ४८० रुपये देणे होते. म्हणून हाती पैसा येताच चालू हप्ते चुकवून, उरलेली रक्कम सर्वांत जड व्याजाच्या कर्जाकडे वळवावी, मग ते कर्ज आकाराने लहान का असेना. बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याजात सवलत मिळते. ते लग्नकार्यात खर्ची घातले, तर सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाची पतही जाते.

तिसरा नियम सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित : सारे लिहून ठेवावे. एका वहीत जमा, घरखर्च, शेतीखर्च आणि देणे अशी चार सदरे पुरेत. प्रत्येक कर्जापुढे मुद्दल, दर, मुदत व फेड लिहावी आणि पावती त्याच वहीत जपावी. परवानाधारक सावकारानेही पावती व हिशेब दिलाच पाहिजे, असे महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याचे बंधन आहे. घरातील स्त्रियांनाही ही वही माहीत असावी, कारण काटकसर बहुधा त्यांनाच करावी लागते आणि कर्जाचा आकडा मात्र त्यांना शेवटी कळतो.

विद्यार्थी मित्रहो, १८७५ च्या शेतकऱ्याला आपला रोखा वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. आपल्यापैकी अनेकजण घरातील पहिले पदवीधर होणार आहेत. या सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांजवळ आणि आईजवळ बसावे, घरातील सर्व कर्जांचे कागद एकत्र करावेत आणि कोणाचे किती, कोणत्या दराने आणि केव्हापर्यंत देणे आहे, याची एक यादी करावी. अर्थशास्त्राचा याहून उपयुक्त पाठ दुसरा नसेल.