वैमानिकाचा हात

१ डिसेंबर २०२२ रोजी बारामती तालुक्यातील खांडज गावाच्या शिवारात भारतीय वायुदलाचे एक चेतक हेलिकॉप्टर अकस्मात उतरले. आतील सर्वजण सुखरूप होते. उड्डाण चालू असता तांत्रिक बिघाड जाणवला, म्हणून वैमानिकाने मोकळी जागा पाहून ते खाली आणले, एवढीच ती हकीकत.

यांत विशेष ते काय, असे तुम्हांस वाटेल. परंतु अशा वेळी वैमानिकाच्या मनात काय चालत असेल, याचा विचार करा. यंत्र अद्याप चालत असते. थोडा धीर धरला तर कदाचित आपला तळही गाठता येईल. उलट, परक्याच्या शेतात उतरलो आणि बिघाड क्षुल्लक निघाला, तर सोबती हसतील! चेतक हे एकाच इंजिनाचे हेलिकॉप्टर आहे. इंजिन बंद पडले तरी खालून येणाऱ्या हवेवर माथ्यावरची पाती फिरती ठेवून उतरता येते, हे खरे; मात्र मग जागा निवडण्यास फारसा अवकाश उरत नाही. म्हणून जो हशाला भितो, तो आकाशात अधिक धोक्यात असतो.

त्याच वर्षी २५ जुलै रोजी बारामतीहून एकटीच उडालेली एक शिकाऊ वैमानिक तरुणी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात विमानासह कोसळली. ते विमान लष्करी नव्हते. तिला किरकोळ दुखापत झाली. गावकरी मदतीस धावले आणि ती बचावली.

इंदापूरहून पुण्याकडे निघाले की सोलापूर रस्त्यापासून जवळच थेऊर लागते. चिंतामणीच्या दर्शनास तुमच्यापैकी पुष्कळजण तेथे गेले असतील. तेथून जवळच १४ ऑक्टोबर २०१४ रोजी सुखोई जातीचे एक लढाऊ विमान शेतात पडले. ते लोहगावच्या तळावर उतरण्याच्या बेतात असता दोन्ही वैमानिक आपल्या आसनांसह विमानाबाहेर फेकले गेले. अशा आसनाखाली स्फोटक योजना असते. ती सुटली की आसन माणसासह वर उडते व पाठोपाठ हवाई छत्री उघडते. दोघेही वाचले, गावातही प्राणहानी झाली नाही. परंतु प्रश्न उरला, की ती आसने सुटली कशी? आसने आपोआप सुटली असे वायुदलाकडून सांगण्यात आले, तर विमान बनविणाऱ्या रशियाच्या तज्ज्ञांनी माणसाच्या चुकीकडे बोट दाखविल्याचे वृत्त आले. देशातील सर्व सुखोई विमाने सुमारे महिनाभर जमिनीवरच ठेवण्यात आली.

चूक यंत्राची की माणसाची, हा वाद जुना आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या एका नव्या, प्रचंड बाँबफेकी विमानाची चाचणी चालू होती. विमान उभे असताना वाऱ्याने त्याची सुकाणू-पाती हलू नयेत म्हणून त्यांना खीळ घालून ठेवतात. ती खीळ काढण्याचेच राहून गेले! कसलेले वैमानिक, आणि चूक मात्र कुलूप न काढता दार ओढणाऱ्या मुलासारखी. विमान उंच चढले, कलले आणि कोसळून पेटले. आतील पाचांपैकी दोघे मरण पावले. वाचलेल्यांत डोनाल्ड पट नावाचा तरुण अधिकारी होता. तो पुढे लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. या अपघातानंतर वैमानिकांनी स्मरणशक्तीवर विसंबणे सोडले व उड्डाणापूर्वी एकेक बाब वाचून तपासण्याची यादी हाती घेतली.

याच विमानाच्या पुढील पिढीत, बी-१७ मध्ये, दुसराच घोटाळा होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोहिमा पार पाडून सुखरूप टेकलेले वैमानिक, विमान धावपट्टीवर असतानाच चाके आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. लाजेने मान खाली घालण्यासारखाच तो प्रसंग! त्याला निष्काळजीपणाचे नाव देऊन वरिष्ठ मोकळे होत. १९४३ साली अल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने मात्र त्या वैमानिकांच्या जागी बसून पाहिले. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारीशेजारी होत्या व दिसण्यास अगदी सारख्या होत्या. दुसऱ्या एका विमानात त्या तशा नव्हत्या, आणि त्याच्या वैमानिकांकडून ही चूक होत नसे. दमलेला हात अंधारात एकीऐवजी दुसरी ओढी, त्यात नवल ते कोणते?

वर्गात उत्तर चुकल्यावर छडी उचलण्यापूर्वी प्रश्न नीट विचारला होता का, हे मी माझ्या नोकरीत फार उशिरा पाहू लागलो. म्हणून या माणसाविषयी मला विशेष आदर वाटतो.

त्याने उपाय केला तो एखाद्या सुताराला सुचावा इतका साधा. चाकांच्या कळीला रबराचे लहानसे चाक बसविले आणि झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराची मूठ. डोळे न लावताही बोटांना कळे, की हे चाक आहे. आजही बारामतीच्या धावपट्टीवरून निघालेला एखादा शिकाऊ वैमानिक पुढे मागेपुढे होणारी चाके असलेल्या विमानात बसला, तर त्याच्या बोटांना तेथे तेच चिमुकले चाक लागते.