जुन्या जीपचे ब्रेक

मुलांनो, खडकाळ वाटेने चढणारी जुनी जीप तुम्ही पाहिली आहे का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याकडे अशा जीपगाड्या होत्या. पुढे १९५० पूर्वीच मुंबईत महिंद्रा कंपनी विलीस जीपचे भाग जोडून गाड्या तयार करू लागली. आजही हौशी लोक त्या जपतात.

जुनी जीप घेतली, की पुष्कळांना आधी मोठे टायर बसवायचे असतात. गाडी रुबाबदार दिसते, हे खरे! पण चाक मोठे आणि जड झाले, की त्याच ब्रेकने गाडी थांबायला जास्त अंतर लागते. शिवाय त्या काळच्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाचा मार्ग एकच असे. एका चाकापाशी तेल गळून गेले, तर चारही ब्रेक निकामी होतात. मग घाटाच्या उतारावर हँडब्रेक आणि गिअर एवढाच आधार उरतो. नंतरच्या गाड्यांत तेलाचे दोन वेगळे मार्ग आले.

म्हणून जाणता मेकॅनिक प्रथम उभ्या गाडीचा ब्रेक पायाने दाबून धरतो. पायाखालचे पेडल हळूहळू खाली जाऊ लागले, तर तो नुसते तेल भरत नाही. तो गाडीखाली शिरतो आणि प्रत्येक चाकाची आतली बाजू ओली आहे का, ते पाहतो.