लांडोर नसलेल्या घरात

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, मोराची चिंचोलीच्या अलीकडचं. ज्वारीत मोर उतरले की आजी नुसती हाळी द्यायची, दगड कधी उचलायची नाही. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२च्या कायद्यानं त्याला पाळणं, त्याची अंडी उचलणं गुन्हा ठरलं, हे सगळं मला पुढे कळलं. त्याला हात लावायचा नसतो एवढं मात्र शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं.

आता मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या बाहेर दोन एकरांवर राहते. इथे मोर कोंबड्या-बदकांच्या पंगतीतला, पाळीव. चार वर्षांपूर्वी शेजारच्या बाईंनी लांडोरीची सहा अंडी हातात ठेवली. कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट, पुठ्ठ्याच्या खोबणीत बसेनात. तेव्हापासून माझी जी काही फजिती झाली, तिचा हा क्रमवार जबाब.

१. तक्ता ठेवणं आणि काळजी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर. त्यामुळे उबवणीच्या मशीनपेक्षा माझा तक्ता आधी तयार होता. तापमान ३७.५ अंश, कोंबडीला २१ दिवस लागतात तिथे इथे २८. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून पाच वेळा पालटायचं, कारण वेळा विषम असल्या की रात्रीचा लांब पल्ला दर वेळी एकाच कुशीवर जात नाही. हे वाचून मी स्वतःवरच खूश झाले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘‘आपली खुडूक कोंबडी शाळेत गेली होती का गं?’’

२. दहाव्या दिवशी अंधार करून अंड्यामागे टॉर्च धरला. चारांत लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन नुसतीच उजळली, रिकाम्या खोलीसारखी. ती टाकून द्यायला मी आणखी चार दिवस लावले. तक्त्यात त्या दोन ओळींपुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि प्रश्न काहीच उरला नव्हता.

३. माझ्या हातांना स्वस्थ बसता येत नाही, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका अंड्यानं दाखवलं. पंचविसाव्या दिवसानंतर अंडी पालटायची नाहीत, ओल वाढवायची आणि झाकण उघडायचं नाही. मी उघडलं. आधी टोच पडली का ते बघायला, मग फोटो काढायला, मग आईला व्हिडिओवर दाखवायला. झाकण उघडलं की आतली ओल उडते, कवचाखालचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लाला आवळून धरतो. तीन पिल्लं तरीही आपापली बाहेर आली. चौथं टोच मारून अख्खी रात्र तसंच राहिलं. टोच पडल्यावर पिल्लू एक दिवसही थांबतं. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरा सुकत असतात, हे मी वाचलं होतं. पहाटे चार वाजता मात्र ते आठवलं नाही. चिमट्यानं कवच सोलायला घेतलं. तिसऱ्या तुकड्याला रक्त आलं. तुळस लावलेल्या कुंडीच्या शेजारी त्याला पुरलं. नवरा म्हणाला, ‘‘कदाचित तसंही जगलं नसतं.’’ तो चांगला माणूस आहे.

४. मोराच्या पिल्लाला दाणा टिपता येत नाही. कोंबडीचं पिल्लू जन्मताच जमिनीवर टोचा मारतं. हे मात्र मान वर करून उभं राहतं. लांडोर चोचीत घास धरते आणि पिल्लू तिच्या चोचीतून घेतं, म्हणून हे घासाची वाट वरून बघतं. सुरुवातीला पोटातला बलक पुरतो, त्यामुळे दोन दिवस मी निर्धास्त होते. तिसऱ्या दिवशी समोर टर्की-पिल्लांच्या उत्तम खाद्याची ताटली, अठ्ठावीस टक्के प्रथिनं, आणि तीन उपाशी महाराज. शेवटी उकडलेल्या अंड्याचा चुरा चिमटीत धरून वरून खाली आणला, तेव्हा एकानं लगेच टिपला. मग मी दोन दिवस ऑफिसच्या मीटिंगा एका हाताला अंडं लावून केल्या. आईनं युक्ती सांगितली: ‘‘नखानं ताटलीत टकटक कर, बाई. कोंबडी तेच करते.’’ टकटक लागू पडली. फक्त मी टकटक थांबवली की जेवणही थांबायचं.

५. पिल्लांच्या पेटीत वर्तमानपत्र घालू नये. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. एकाचे फाकले होते. पट्टीचा तुकडा दोन पायांत सैल बांधून ठेवला, चार दिवसांत सरळ झाले. पाण्याच्या वाटीत गोट्या टाकाव्यात, नाहीतर पिल्लं बुडतात. गोट्या मुलाच्या होत्या. तो अजून हिशेब मागतो.

६. ही पिल्लं पंखांत पिसं घेऊनच अंड्याबाहेर येतात. मी हे वाचून पुढे गेले होते. आठव्या दिवशी संध्याकाळी पेटीत दोनच होती. तिसरं पडद्याच्या दांडीवर बसून खाली बघत होतं. त्याला झोपायला उंच जागा हवी होती, आणि मी पस्तीस अंशांचा दिवा लावून जमिनीवर स्वर्ग मांडला होता. रात्री ती आईच्या पंखाखाली फांदीवर झोपतात. आमच्याकडे पंख नव्हता. केर काढायचं पिसांचं झाडणं टांगून ठेवलं, आणि तिघं निमूट त्याच्याखाली गेली. त्या झाडण्याचा मला थोडा हेवा वाटला.

७. पुढच्या वर्षी मशीन माळ्यावर टाकलं आणि खुडूक कोंबडी रवणीला बसवली. आईला केवढा आनंद! कोंबडीच्या पोटाखाली ही मोठी अंडी चारच मावतात. एकवीस दिवस झाले तरी ती उठली नाही; तिच्याकडे तक्ता नव्हता. तीन पिल्लं निघाली. तिनं टकटक केली, पिल्लं खायला लागली, मी खुर्चीवर बसून चहा प्यायले.

सहा आठवड्यांनी एक पिल्लू पंख गाळून उभं राहिलं, विष्ठा गंधकासारखी पिवळी. पशुवैद्यांनी बघताक्षणी विचारलं, कोंबड्यांबरोबर वाढवता का? कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून एक सूक्ष्म जीव मातीत पडतो आणि तिथून पिल्लाच्या यकृतात जातो. कोंबडीला सहसा काही होत नाही, मोराला टर्कीसारखाच तो भोवतो. ते पिल्लू गेलं. जी त्यांना जेवायला शिकवते तिच्या पायाखालच्या मातीतच हे. आईला सांगितलं तर बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘कोंबडीला बोल लावू नकोस.’’ आता रवणीला बसवण्याआधी कोंबडीला जंताचं औषध देते, आणि पिल्लांना कोंबड्या कधी न फिरलेल्या कोपऱ्यात ठेवते. तरी दर पावसानंतर मी विष्ठा बघत फिरते. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, काही हरवलंय का.

८. पिसारा तिसऱ्या वर्षी भरतो. तोवर नर कोण आणि मादी कोण यावर घरात पैजा लागल्या, मी हरले. पडद्याच्या दांडीवरचा तो नर निघाला. या मार्चमध्ये एका संध्याकाळी तो गॅरेजच्या छपरावर चढून पहिल्यांदा पूर्ण आवाजात ओरडला. मी धावत आईला व्हिडिओ लावला. इथे सात वाजले होते, तिकडे पहाटेचे साडेपाच. ती अंगणात आली, मागे अंधार, आणि तिच्या मागच्या चिंचेवरून एक मोर ओरडला. मी फोन उंच धरला. माझ्या मोरानं मान तिरकी करून फोनकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून पंख विंचरायला लागला.

‘‘त्याला ऐकू गेलं का?’’ आईनं विचारलं.