लहानांचे गाऱ्हाणे

मूल रडल्यावाचून आईदेखील त्याला दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु आईला मुलाचे रडणे ऐकू तरी येते. कचेरीला ते कसे ऐकू यावे? मोठ्या शहराचा कारभार अनेक खात्यांतून चालतो. त्यांच्या हातून चूक झाली, तर प्रौढ नागरिक अर्ज करतो, वर्तमानपत्रात पत्र लिहितो, वेळप्रसंगी न्यायालयात दाद मागतो आणि निवडणुकीत विचारपूर्वक मत देतो. मुलांना मताचा अधिकार नसतो आणि अर्ज कोठे करावा हेही ठाऊक नसते. त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी काही देशांनी एक निराळे पद निर्माण केले आहे. त्या पदाची ओळख आपण करून घेऊ.

या पदाचे मूळ स्वीडन देशात सापडते. तेथे १८०९ साली नवी राज्यघटना झाली. सरकारी अधिकारी कायद्याप्रमाणे वागतात की नाही, हे पाहण्यासाठी संसदेने आपला एक अधिकारी नेमावा, असे तीत ठरले. त्याला ‘ओम्बुड्समन’ म्हणतात. दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. पुढे ही कल्पना अनेक देशांनी स्वीकारली. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून लोकायुक्त व उपलोकायुक्त ही पदे निर्माण केली, तीही याच कुळातली. केवळ मुलांसाठी असा अधिकारी नेमण्याचा पहिला मान मात्र नॉर्वेकडे जातो. ते वर्ष होते १९८१.

१९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार संमत केला. मुलाशी संबंध असलेल्या प्रत्येक बाबतीत त्याला आपले मत मांडता आले पाहिजे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे, असे या कराराचे बारावे कलम सांगते. भारताने १९९२ साली हा करार मान्य केला.

नेदरलँड्स या देशात २०११ साली मुलांसाठी ओम्बुड्समन नेमण्यात आला. राष्ट्राच्या ओम्बुड्समनला जे उपाधिकारी असतात, त्यांपैकीच हा एक होय. ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या शहरांतही असे पद आहे. शहराला त्याची गरज का भासावी? त्या देशात २०१५ सालापासून अडचणीत सापडलेल्या मुलांना व कुटुंबांना साहाय्य देण्याचे काम नगरपालिकांकडे सोपविण्यात आले आहे. अपंग मुलाला दूरच्या विशेष शाळेत नेण्या-आणण्याची सोयही नगरपालिकाच करते. साहजिकच, नगरपालिकेच्या कारभारात ढिलाई आली की तिची झळ प्रथम मुलांना लागते.

हे काम कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एक मुलगी चाकांच्या खुर्चीवर बसून शाळेला जाते. तिला न्यायला येणारी गाडी रोज उशिरा येते. पहिला तास नेहमी बुडतो. वडील कचेरीत खेटे घालतात. गाडी ठेकेदाराची आहे, असे उत्तर मिळते. ठेकेदार म्हणतो, मार्ग कचेरीने आखला आहे. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात आणि मुलगी दारात ताटकळत राहते.

अखेर ती मुलगी स्वतःच मुलांच्या ओम्बुड्समनला पत्र लिहिते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. कचेरीला आपली चूक सुधारण्याची संधी अगोदर मिळाली होती की नाही, हे तो प्रथम पाहतो. मग तो मुलीला भेटतो आणि तिच्याच तोंडून हकिगत ऐकतो. त्यानंतर कागदपत्रे मागवितो, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतो, ठेकेदाराचीही बाजू ऐकून घेतो. तेव्हा दिसून येते की, खर्च वाचावा म्हणून एकाच गाडीत फार मुले बसविली होती. प्रवासाला किती वेळ लागेल, याचा हिशेब कोणी केलाच नव्हता. म्हणजे दोष एका माणसाचा नसून व्यवस्थेचा होता, आणि तो सुधारला तर त्या गाडीतील सर्वच मुलांचा त्रास टळणार होता.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या अधिकाऱ्याला हुकूम सोडता येत नाही, की दंड करता येत नाही. तो केवळ चौकशी करतो, निष्कर्ष लिहितो आणि शिफारस करतो. मग त्याचे कोणी का ऐकावे? कारण त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक असते, आणि त्याचा अहवाल सर्वांना वाचता येतो. जे आजवर बंद कपाटात होते, ते उजेडात येते. उजेडात आलेली चूक तशीच ठेवणे कोणत्याही कारभाऱ्याला जड जाते.

हे बळ टिकवायचे, तर त्याला निःपक्षपाती राहावेच लागते. गाऱ्हाणे मुलाचे आहे, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. चौकशीअंती कचेरीची बाजू बरोबर निघाली, तर तसे त्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगणे, हेही त्याचे कर्तव्य होय.

आपल्या देशातही २००५ सालच्या कायद्यान्वये बालहक्क संरक्षण आयोग स्थापन झाले आहेत. बालहक्कांचा भंग झाल्याच्या तक्रारींची ते चौकशी करतात. परंतु ऐकणारा कितीही दक्ष असला, तरी बोलणाऱ्यानेही आपले म्हणणे खरेपणाने व नेमकेपणाने मांडले पाहिजे. काय घडले, केव्हा घडले आणि काय व्हावे, या तीन गोष्टी ज्याला नीट सांगता येतात, त्याचे गाऱ्हाणे अर्धे दूर झाले असे समजावे.

स्वाध्याय

१. प्रौढ नागरिकाला दाद मागण्याचे कोणते मार्ग मोकळे असतात? त्यांपैकी कोणते मुलांना नसतात?
२. हुकूम देण्याचा अधिकार नसतानाही ओम्बुड्समनच्या शब्दाला वजन का असते?
३. ‘दोष एका माणसाचा नसून व्यवस्थेचा होता,’ हे वाक्य उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : खेटे घालणे, झळ लागणे, ताटकळत राहणे, उजेडात येणे.
५. तुमच्या गावातील वाचनालय सुट्टीच्या दिवशी बंद असते. ते उघडे ठेवावे, अशी विनंती करणारे पत्र योग्य अधिकाऱ्यास लिहा.