बारा तासांची पाळी आणि रक्तदाब

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी सुरतेस मामांकडे गेलो होतो. तेथील उधना भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मामा यंत्रमागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करतात. कधी दिवसाची, कधी रात्रीची. दाढ काढण्यासाठी ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा रक्तदाब निघाला १७०/१०४! “पण मला तर काहीच होत नाही,” मामा म्हणाले.

खरा धोका येथेच आहे. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. तो बहुधा काही लक्षण न दाखविता हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना इजा करीत राहतो. मधुमेहही सुरुवातीस असाच गुपचूप वाढतो.

मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “मामा, तंबाखू सोडा.” ते हसले. “अरे, पहाटे तीनला डोळा लागला, तर तुटलेला धागा कोण बघणार? मजुरी मीटरवर मिळते.”

मी निरुत्तर झालो. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते व नाडी जलद करते, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु ती जागे राहण्याचे साधन आहे, हे पुस्तकात नव्हते. पाळीत भूक भागते ती खारट फरसाणावर. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय झोप अपुरी पडली की इन्सुलिनचे कार्यही मंदावते.

आठवड्याचे सहा दिवस धरले तरी मामांचे ७२ तास होतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने ४८ तासांची मर्यादा घातली होती. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली दाखवून दिले, की ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो.

मित्रहो, यंत्रमाग आपल्या इचलकरंजीतही आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कामगारांचा रक्तदाब अवश्य मोजावा, पण “तंबाखू खाता का?” असे विचारण्यापूर्वी “झोप किती तास मिळते?” हे विचारावे.

मामा आता रोज गोळी घेतात. पाळी मात्र अजून बारा तासांचीच आहे.