एटीएम कार्डच्या मागची पांढरी पट्टी



धानाचे चुकारे खात्यात पडायला लागले की लाखनी, साकोली, पवनीच्या एटीएमसमोर रांगा लागतात. आधारभूत केंद्रावर धान दिलं की पैसा थेट बँकेत. सोसायटीचं कर्ज, मुलांची फी, घरातलं लग्नकार्य, सगळं त्याच एका खात्यावर. त्या खात्याची किल्ली म्हणजे खिशातलं कार्ड. म्हणून सातवी-आठवीच्या गणिताला जोडून घेता येईल असा हा पाठ.

मुलांना घरचं कार्ड आणायला मुळीच सांगू नका. वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा आणि दोघांच्याही मागे पांढरा कागद चिकटवा. एकावर एका मुलीला सही करू द्या, दुसरं कोरं ठेवा. आता एक जण 'कार्ड सापडलेला माणूस' आणि एक जण 'दुकानदार'. सापडलेल्याने पावतीवर सही करायची, दुकानदाराने ती कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायची. सही असलेल्या कार्डाची नक्कल करताना पोरगं अडखळतं. कोऱ्या कार्डावर मात्र तो आरामात स्वतःचीच सही ठोकतो, पावतीवरही तीच करतो, आणि दुकानदाराला दोन्ही सह्या जुळलेल्या दिसतात! सहीची पट्टी कार्डावर आली ती याचसाठी. सही केल्याशिवाय कार्ड ग्राह्य नाही, अशी सूचना कित्येक कार्डांवर इंग्रजीत छापलेली असते, पण ती वाचतो कोण?

इथे एखादं हुशार पोरगं विचारेलच, "गुरुजी, पण दुकानात तर पिन टाकतात, सही कोण पाहते?" प्रश्न बरोबर आहे. भारतात १ डिसेंबर २०१३ पासून दुकानातल्या यंत्रावर डेबिट कार्डाला पिन लागतो. त्यामुळे सहीचं महत्त्व आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही, हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. तरीही पट्टी असेल तर कार्ड हाती येताच बॉलपेनने सही करून शाई वाळू द्यावी. एका मिनिटाचं काम आहे. काही नव्या कार्डांवर पट्टीच नसते, तिथे प्रश्नच मिटला.

खरी अडचण वेगळीच आहे. बऱ्याच घरांत सहीच्या जागी किंवा कार्डाच्या पाकिटावर चक्क पिन लिहिलेला असतो. म्हातारी आजी विसरते म्हणून नातू लिहून देतो. म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगल्यासारखं झालं की! त्याच बाजूला छापलेला तीन आकडी क्रमांक ऑनलाईन खरेदीला लागतो, म्हणून कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आणि कार्डावर वाय-फायसारख्या लाटांची खूण असेल तर १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवायही होऊ शकतो. तिथे ना सही विचारतात, ना पिन. ही सोय नको असेल तर बँकेकडून बंद करून घेता येते.

आता गणिताचा भाग. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशी फसवणूक झाली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत आपण कळवलं, तर आपलं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आपल्या माथी येऊ शकतात, जनधनसारख्या मूलभूत खात्यावर ५,००० रुपये. सात दिवसांनंतर त्या बँकेचं धोरण. पण पिन आपणच कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून "उद्या बघू" करू नये. बँकेला फोन करून आधी कार्ड बंद करावं, लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

फळ्यावर हे उदाहरण द्या. रामपुरे काकांच्या (नाव काल्पनिक) बचत खात्यात ४८,००० रुपये चुकारा जमा झाला. शुक्रवारी सायंकाळी त्यातून १५,००० रुपये गेल्याचा मेसेज आला. पैसे काकांनी काढलेले नाहीत, पिनही कुणाला दिलेला नाही. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार. शून्य नुकसानीसाठी शेवटचा दिवस कोणता?

मेसेजचा दिवस धरायचा नाही. शनिवार, रविवार बँक बंद. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, म्हणजे बुधवार. काका गुरुवारी गेले तर १०,००० रुपयांपर्यंतचा भार त्यांच्यावर येऊ शकतो. मंगळवारी गणेश चतुर्थीची सुट्टी आली तर उत्तर काय बदलेल, ते मुलांना घरी पालकांसोबत बसून काढू द्या.