फुफ्फुसाच्या कर्करोगात व्यायाम कसा व किती?

फुफ्फुसाचा कर्करोग असे निदान झाले, की रुग्णाची खाट पुढच्या खोलीत येते. पाण्याचा तांब्या जागेवर, जेवणाचे ताट जागेवर, संडासाला जायचे तरी दोघांचा आधार. ‘डॉक्टर, आम्ही यांना काडीचंही काम करू देत नाही,’ असे नातेवाईक मला समाधानाने सांगतात. त्यामागची माया कळते. पण या सक्तीच्या विश्रांतीने रुग्णाचे नुकसान होते, आणि ते केवळ अशक्तपणावर थांबत नाही.

कर्करोगतज्ज्ञ केमोथेरपी ठरवताना रिपोर्टांबरोबर आणखी एक गोष्ट विचारतात: रुग्ण दिवसातला किती वेळ अंथरुणात असतो? याची ० ते ४ अशी श्रेणी आहे. सर्व कामे पूर्वीसारखी करणारा ०, पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला ४. जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ जो खाटेवर वा खुर्चीत काढतो, तो ३ मध्ये जातो, आणि अशा रुग्णाला कडक केमोथेरपी सोसणार नाही म्हणून ती बहुधा दिली जात नाही. (काही रुग्णांना चालणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी.) म्हणजे आजारापेक्षा खाटेनेच रुग्ण अशक्त झाला असेल, तर हातची उपचाराची संधी जाऊ शकते.

हे कसे घडते? पडून राहिल्याने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात. झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. मग दम लागतो म्हणून माणूस चालत नाही, आणि चालत नाही म्हणून आणखी दम लागतो. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांची फुफ्फुसे विडीने किंवा चुलीच्या धुराने आधीच खराब झालेली असतात.

ऑपरेशन ठरले असेल, तर त्याआधीचे दोन-चार आठवडे फार मोलाचे. जुने सर्जन रुग्णाला जिना चढायला लावून त्याचा दम पाहत, ते उगाच नव्हे. कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये १० चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात ऑपरेशनपूर्वी व्यायाम केलेल्यांना नंतर छातीच्या तक्रारी कमी झाल्याचे दिसले. या काळात रोजचे चालणे, श्वासाचे व्यायाम आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद. दवाखान्यातून तीन चेंडूंचे प्लास्टिकचे उपकरण मिळते. पुष्कळ जण त्यात जोराने फुंकर मारतात. ते फुंकायचे नाही, नळीतून हवा सावकाश आत ओढून चेंडू वर धरायचे!

सुरुवात थोडक्यात करावी. सपाट रस्त्यावर पाच मिनिटे, दिवसातून तीनदा. दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवावे. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य अर्धवट तुटू लागले की वेग कमी करावा. आमच्या मार्केट यार्डातले एक साठीचे हमाल केमोथेरपी सुरू असताना ओट्यापासून विजेच्या खांबापर्यंत जाऊन बसत. महिन्याभरात ते मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ लागले. गाठ त्याने विरघळली नाही, पण पुढच्या डोसाला ते स्वतःच्या पायांनी एस.टी. चढले. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता पाच-दहा वेळा उठणे-बसणे आणि पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन उचलणे, एवढे पुरते. खाण्यात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे हवेत, नाहीतर स्नायू भरणार कशाने?

दम लागला तर घाबरून आडवे होऊ नये. खुर्चीत पुढे वाकून कोपरे मांड्यांवर टेकवावीत. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि बशीतला चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून चार अंकांपर्यंत हळू सोडावा. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेतल्यानेही बराच आराम पडतो.

ऑपरेशननंतर दुखते म्हणून रुग्ण खोकत नाहीत आणि कफ साचतो. उशी जखमेवर दाबून धरावी आणि खोकावे. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. त्या बाजूचा खांदाही आखडतो. यासाठी भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर चढवावीत. सर्जनने परवानगी दिल्यावर हे सुरू करावे.

कपालभातीविषयी हटकून विचारणा होते. माझे मत स्पष्ट आहे: ताजी जखम असताना किंवा खोकल्यातून रक्त पडत असताना कपालभाती, भस्त्रिका नको. संथ दीर्घ श्वसन चालेल.

काही वेळा मात्र व्यायाम थांबवलाच पाहिजे. छातीत दुखणे, चक्कर, खोकल्यातून रक्त, एकाच पायाला सूज किंवा विश्रांतीतही न थांबणारा दम असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केमोथेरपीच्या काळात १००.४ डिग्री ताप आला, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे. हा आजार हाडांत उतरू शकतो, म्हणून पाठीत किंवा मांडीत नवीन दुखणे सुरू झाल्यास तपासल्याशिवाय वजन उचलू नये. पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नये.

आजार फार पुढे गेलेल्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, आता याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी मोजमाप वेगळे लावावे. खाटेच्या कडेला स्वतः उठून बसणे, भिंतीच्या आधाराने मोरीपर्यंत जाऊन येणे, हाच त्यांचा व्यायाम. जाताना मध्ये एक खुर्ची ठेवावी, वाटेतली पायपुसणी उचलावी, आणि घरच्या माणसाने हात धरण्याऐवजी एक पाऊल मागे राहून सोबत चालावे.